एका वावेची दुरुस्ती

मंगळवार, दिनांक २० नोव्हेंबर १९५६, सायंकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. या वेळी वेसाव्याच्या खाडीच्या तोंडाशी पोशा नाखव्याची शिडाची होडी पाण्याखालच्या खडकावर चढली. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण मच्छीमार सोसायटीचा कारकून धक्क्यावर उभा होता आणि त्याने ती घड्याळात पाहून वहीत लिहिली. मी त्या वेळी अंधेरीला आमच्या शेडमध्ये एका यंत्राच्या तारा डाग देऊन जोडत बसले होते. पोशा नाखव्याच्या होडीवरचे आमचे खोलीमापक दोन महिने एकही तक्रार न येता चालले आहे, याचे त्या दिवशी मला मनातून समाधान होते. तक्रार न येणे म्हणजे यंत्र बरोबर चालणे, अशी तेव्हा माझी समजूत होती.

भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर मी अध्यापनाचा सरळ रस्ता सोडून या धंद्यात आले. होड्यांवर आणि लहान जहाजांवर दिशा व खोली दाखवणारी विजेची यंत्रे बसवणे, ती जागेवर नीट लावून देणे आणि बिघडली की दोष शोधणे, हे आमचे काम. आमचे मालक वर्तक युद्धकाळात जहाजावर बिनतारी यंत्रणा सांभाळत असत. शेड एका सिनेमा स्टुडिओच्या मागे होती. भिंतीपलीकडे चित्रीकरण सुरू झाले की आमचा हातोडा बंद ठेवावा लागे. माझी इच्छा इतकीच होती की टेबलावरच्या दुरुस्तीत न अडकता मी यंत्र लावणारी म्हणून पाण्यावर जावे आणि अहवालाखाली माझी सही असावी.

या कामाबद्दल बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट सांगायची झाली तर ती अशी, की यंत्राचे दोष यंत्रात क्वचितच सापडतात. घाटकोपरच्या एका तेलाच्या व्यापाऱ्याने हौसेने लहान शिडाची नौका घेतली होती. ती मालाडच्या बाजूला मार्वे येथे उभी असे. तिच्यावर आम्ही दिशाशोधक बसवला. हा एक प्रकारचा रेडिओच असतो. त्याची गोल तार हाताने फिरवत न्यायची. एका ठिकाणी केंद्राचा आवाज नाहीसा होतो. त्या रिकाम्या जागेवरून केंद्र कोणत्या दिशेला आहे ते समजते. शेठजींनी महिनाभरात तीनदा बोलावणे पाठवले. तक्रार एकच, आवाज जातो.

"शेठजी, आवाज गेला म्हणजेच यंत्राने आपले काम केले," मी म्हणाले.

"बाई, चांगलं गाणं चालू असतं. मी ते चाक फिरवतो, गाणं बंद! एवढे पैसे मी गाणं बंद करायला दिले?"

"गाणे बंद होते तिथेच तुम्हांला किनारा सापडतो."

"किनारा मला दिसतोय ना! तो बघा समोर. गाणं कुठं गेलं ते सांगा."

तिसऱ्या खेपेला मी त्यांना एक साधा रेडिओ घ्यायला सांगितला. ते कमालीचे प्रसन्न झाले. वर्तक मात्र झाले नाहीत, कारण शेठजींनी दिशाशोधक परत केला. असे अनेक दिवस गेले. भर उन्हात चिखलातून चालत जायचे, बॅटरीचे गंजलेले टोक कानशीने घासायचे आणि परत यायचे. दहा तक्रारींपैकी सात बॅटरीच्या असत. शिडाच्या होडीला इंजिन नसते. त्यामुळे बॅटरी किनाऱ्यावर आणून भरून घ्यावी लागे, आणि ती वेळेवर आणायची आठवण कुणालाच नसे.

सोसायटीचे काम याहून मोठे होते. एका होडीवर प्रयोग यशस्वी झाला तर बारा होड्यांवर खोलीमापके बसवायची, असे ठरले होते. हे यंत्र होडीच्या तळाला बसवलेल्या चकतीतून पाण्यात एक टकटक सोडते. आवाज तळावर आपटून परत येतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे आठशे वाव जातो. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर, सहा फुटांचे. वर डब्यात एक निऑनचा दिवा गोल फिरत असतो. प्रतिध्वनी परत आला की तो चमकतो, आणि ज्या आकड्यासमोर चमकतो तितक्या वाव पाणी. उन्हात ही चमक दिसत नाही, म्हणून डब्यावर काळे झाकण असते आणि त्यात एका वेळी एकाच माणसाला डोळे खुपसता येतात. हे झाकण पुढे महत्त्वाचे ठरले.

मूळ आकडे इंग्रजी होते. मी तबकडीवर देवनागरी आकडे रंगवून दिले. पोशा नाखवा पन्नाशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा, बोलण्यात सावकाश. त्याने झाकणात डोके घालून बराच वेळ पाहिले आणि बाहेर काढून म्हणाला, "दिवा चांगला हाय. पन ह्यो खोटा बोलला तर याच्या कानाखाली कोन मारल?"

"मी मारेन," मी म्हणाले.

तो हसला. त्या हसण्याने मी जिंकले असे मला वाटले.

एक अडचण होती. जाळे भरलेल्या होडीवर हंगाम चालू असताना बाईने पाय ठेवायचा नाही, असा त्या घराचा नेम होता. होडी किनाऱ्यावर ओढलेली असतानाच वर्तकांनी स्वतः यंत्र बसवले. पण ते पाण्यात लावून देण्याच्या दिवशी, सप्टेंबरच्या मध्यावर, वर्तक तापाने पडले आणि मी गेले. मला याहून चांगली संधी नको होती. पोशाची बायको चांगुना धक्क्यावर माशांच्या टोपल्या धूत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतले आणि सांगितले, "बाय, तू शिकलेली हाईस, राग मानू नको. होडीवर नाय चढाचा. बाजूच्या होडक्यात बस हवी तर."

मी वाद घातला नाही. वेळ वाचवायचा होता. एका लहान होडक्यात बसून मी मोठ्या होडीला लागून राहिले, पोशा वर झाकणात डोके घालून बसला आणि आम्ही कामाला लागलो. मी स्वतःची शिसे बांधलेली पोलादी फीत पाण्यात सोडायची, फूट वाचायचे आणि ओरडून विचारायचे, "नाखवा, किती?"

"तीन!"

माझी फीत सांगत होती, चार वाव.

आम्ही पुढे सरकलो. फितीवर सहा. "किती?"

"पाच!"

तिसऱ्या ठिकाणी फितीवर नऊ, वरून आवाज आला, "आठ!"

मला इतका आनंद झाला, की तो लपवण्यासाठी मी वहीत डोके घातले. दोष शोधण्याचा हा पाठ्यपुस्तकातला नमुना होता. दिवा फिरवणारी मोटार मंद किंवा जलद असेल तर चूक खोलीबरोबर वाढत जाते. चारला एकाची, तर आठला दोनाची. येथे चूक सर्वत्र सारखी होती, नेमकी एक वाव. म्हणजे मोटार निर्दोष. शून्याची खूण चुकीच्या जागी बसली आहे. औषध सोपे. एक स्क्रू.

"नाखवा, डाव्या बाजूचा पितळी स्क्रू हळूहळू फिरवा. मी सांगेपर्यंत."

"तू सांग गो बाय, मी फिरवतंव."

फितीवर चार असताना वरून "चार" असा आवाज येईपर्यंत मी त्याला स्क्रू फिरवायला लावला. मग पुन्हा सहाला आणि नवाला तपासले. "सहा!" "नऊ!" सर्व जुळले. मी वहीत लिहिले: शून्याची दुरुस्ती, अधिक एक वाव. खाली सही केली. तबकडी माझ्यापासून हातभर अंतरावर, काळ्या झाकणाच्या आत होती. ती मी एकदाही पाहिली नव्हती.

दोन महिने काही घडले नाही. पोशा त्या पाण्यात लहानाचा मोठा झालेला. टेकडी, देवळाचा कळस आणि नारळीची रांग एका रेषेत धरून तो डोळ्यांनी वाट काढीत असे. यंत्र त्याच्यासाठी सोबतीला होते. नोव्हेंबरात तो हिवतापाने आजारी पडला आणि होडी त्याचा धाकटा भाऊ काशिनाथ घेऊन गेला. परतताना वारा आडवा होता. नेहमीच्या वाटेने यायचे तर वेळ लागून ओहोटी आणखी उतरली असती. यंत्र दोन वाव पाणी दाखवत होते, म्हणून काशिनाथने खडकाजवळून वळण घेतले. पाणी एकच वाव होते. भरलेली होडी पाच फूट बुडते. एका लाटेच्या खळग्यात ती खडकावर बसली, ओहोटी उतरत गेली तशी कलली, आणि भरतीने तिच्यात पाणी शिरले. होडीवरची पाचही माणसे दुसऱ्या होड्यांनी वाचवली. दुसऱ्या दिवशी होडी ओढून आणली तेव्हा तळाच्या दोन फळ्या फुटल्या होत्या आणि मुख्य लाकडाला चीर गेली होती. ऐन हंगामात ती होडी सुतारांच्या हाती गेली.

बुधवारी सकाळी वर्तक आणि मी किनाऱ्यावर पोहोचलो. होडी एका कुशीवर पडली होती. पोशा घोंगडी गुंडाळून वाळूत बसला होता. काशिनाथ पंचवीस वर्षांचा, रात्रभर न झोपलेला. मला पाहताच तो उठून आला.

"बाय, मशीन दोन दाखवत व्हता. दोन! मी माज्या डोल्यांनी बघितला."

"शिसे बांधलेली दोरी टाकून खोली पाहिली होती?"

"मशीन असताना दोरी कशाला? तूच बोलली व्हतीस ना, मशीन दोरीपेक्षा खरा?"

मी तसे म्हटले होते. हे नाकारण्यात अर्थ नव्हता. "बॅटरी कधी भरली होती?" मी विचारले. बॅटरी आदल्या दिवशीच भरलेली होती. तारा कोरड्या होत्या. मी एकेक कारण काढून टाकत होते आणि प्रत्येक कारण गेल्यावर जमीन थोडी अधिक निसरडी होत होती.

तेवढ्यात घोंगडीतून पोशा भावावर ओरडला, "अरे गाढवा, दोन दाखवला तर एक समजाचा! किती वेला सांगितला तुला?"

"ते दोरीचा, दादा! मशीनला कशाला एक कमी?"

मी पोशाकडे वळले. "नाखवा, काय म्हणालात? एक समजायचे म्हणजे?"

"पानी किती हाय ते खलाश्यांना पुरा कवाच नाय सांगाचा, बाय. चार लागला तर तीन बोलाचा. माजा बापूस तसाच बोलायचा. पुरा सांगितला का मानूस गाफील होतो."

"यंत्र लावत होतो त्या दिवशी... मला तुम्ही आकडे सांगत होता. तेही एक कमी करून?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्याला 'श्वास घेता का' असे विचारले होते. "मंग? होडीवर बसून पानी बोलाचा तर तसाच बोलाचा."

माझ्या वहीतले तीन आकडे मला तिथे उभ्या उभ्या दिसले. यंत्र पहिल्यापासून बरोबर होते. चारला चारच दाखवत होते. पोशाने सवयीने एक वाव पदरात राखून तीन सांगितले, आणि मी ती राखलेली वाव दोष समजून यंत्रात भरली. त्यानंतर यंत्र चार वावेच्या पाण्याला पाच दाखवू लागले. पोशा पाच वाचून चार म्हणत होता, म्हणून सर्व काही जुळले. त्याची सावधगिरी आणि माझी दुरुस्ती यांनी एकमेकींना खाऊन टाकले होते. त्याने जन्मभर राखलेली सुरक्षिततेची एक वाव मी पितळी स्क्रूने काढून घेतली, आणि ती काढल्याचे त्याला किंवा मला माहीत नव्हते. काशिनाथने आकडा जसाच्या तसा वाचला, आणि आम्हां तिघांपैकी तोच खडकावर गेला.

शेडमध्ये परतल्यावर वर्तकांनी माझ्यासमोर कागद ठेवला.

"दातारबाई, सोसायटीला अहवाल द्यायचा आहे. 'चालकांनी वाचनात चूक केली' एवढेच लिहा. यात खोटे तर काही नाही."

"कोणत्या चालकाने? काशिनाथने बरोबर वाचले. पोशाने मला चुकीचे सांगितले असे लिहायचे, तर दिवा नेमका कुठे चमकतो ते सांगा, असे मी त्याला म्हटलेच नव्हते."

"बारा यंत्रे आहेत, बाई. बारा. आणि तुम्हांला साइटवर पाठवायला मी कुणाकुणाशी भांडलो ते तुम्हांला माहीत नाही."

"माहीत आहे."

"मग?"

मला त्यांचा राग आला नाही. ते थकले होते, मीही थकले होते, आणि त्यांचे वाक्य इतके गुळगुळीत होते, की सही करायला अर्धे मिनिट लागले असते. पण ते वाक्य लिहिले असते तर ती होडी कायमची काशिनाथच्या नावावर फुटली असती. त्याला पुन्हा कुणी सुकाणू दिले नसते. मी अहवाल दीड पान लिहिला. तिन्ही ठिकाणचे आकडे, फितीचे आणि सांगितलेले, शेजारी शेजारी मांडले. शेवटी लिहिले: तबकडी स्वतः न पाहता मी शून्य बदलले. दोष माझ्या पद्धतीचा आहे. यंत्र, नाखवा आणि सुकाणूवरील माणूस यांचा नाही.

वर्तकांनी तो वाचला, घडी घातली आणि शब्द न बदलता पाठवला. याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. सोसायटीने बारा यंत्रांचा विचार सोडून दिला, आणि पोशाच्या होडीवरचे यंत्रही दुरुस्तीनंतर काढून न्यावे असे कळवले. मला टेबलावरच्या दुरुस्तीला बसवण्यात आले. त्या हिवाळ्यात मी बॅटरी भरण्याची उपकरणे दुरुस्त केली. एकापाठोपाठ एक, सर्व एकाच प्रकारची, सर्वांत दोष एकाच जागी. संध्याकाळी घरी जाताना मानेपासून बोटांपर्यंत हात दुखे, आणि त्यात शिकण्यासारखे काही नसे. यंत्र खोटे बोलले तर त्याच्या कानाखाली मी मारेन असे म्हटले होते, पण यंत्र खोटे बोललेच नव्हते.

फेब्रुवारीत एका सकाळी पोशा नाखवा शेडच्या दारात उभा राहिला. वेसाव्याहून चालत आला होता. होडी पुन्हा पाण्यात उतरली होती.

"बाय, मशीन काढाला कोन येनार?"

"वर्तक येतील."

"तू ये. काढाच्या आधी मना एकदा बघाचा हाय, ह्यो खरा बोलला असता तर काय बोलला असता."

"नाखवा, मी होडक्यात बसून पुन्हा ते करणार नाही. मला तबकडी पाहावी लागेल."

"होडीवरच ये. चांगुना बोलली, हिला पानी दिसला नाय म्हनून होडी फुटली. आता बघू दे तिला." मग जरा थांबून, "जाला अजून चढवला नाय. तवर चालतंय."

वर्तकांनी नुसती मान हलवली आणि मला त्यांची चांगली पक्कड दिली.

चांगुनाने धक्क्यावर माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चपला काढायला लावल्या. "बघ हां," ती म्हणाली, "मासं कमी घावले तर तुजाच नाव घेनार मी." तिने मला हात देऊन वर चढवले. एका रांगेत बसलेले खलाशी दुसरीकडे पाहू लागले. काशिनाथ सुकाणूवर होता. ते मी आधी पाहिले.

या वेळी कुणाच्या तोंडचा आकडा घ्यायचा नव्हता. मी एक लोखंडी पट्टी दोन साखळ्यांना बांधून आणली होती. साखळ्यांवर पोलादी फितीने मोजून फुटांच्या खुणा केल्या होत्या. पट्टी होडीच्या तळाखालून नेऊन पाण्याच्या पृष्ठभागापासून दोन वाव खोल सोडली. तिच्यावर आपटून आलेला आवाज तबकडीवर कुठे चमकतो ते मी झाकणात डोळे खुपसून स्वतः पाहिले. तीनवर. स्क्रू परत फिरवला. दोनवर आला. पट्टी तीन वावेवर सोडली, तीनवर चमकला. मग पोशाला पाहायला दिले. तो बराच वेळ आत डोके घालून राहिला.

"म्हंजे पयल्या दिवशी ह्यो खराच बोलत व्हता," तो आतूनच म्हणाला.

"हो. मी त्याचे ऐकले नाही."

"मी पन तुला नाय सांगितला," तो म्हणाला.

पोशाच्या मनात होते, आता यंत्रच एक वाव कमी दाखवेल असे लावून द्यावे. म्हणजे काशिनाथसारख्यांची काळजी नको. मी नको म्हटले. यंत्र कमी दाखवते हे महिन्याभरात सर्वांना कळेल, मग जो तो मनात एक मिळवून घेईल, आणि एखादा दोन मिळवील. आकडा खरा असावा. राखायचे ते माणसाने राखावे. यंत्र तासाभरात निघणार होते, तरीही आम्ही दोघे हा प्रश्न असा सोडवत होतो, जणू ते पुढची वीस वर्षे तेथेच राहणार होते.

मग त्याने काशिनाथला खडकाकडे चलायला सांगितले. शीड भरले. खाडीचे तोंड जवळ येऊ लागले तशी होडीवरची बोलणी थांबली. पोशा झाकणापासून बाजूला झाला आणि मला म्हणाला, "तू वाच. त्याला सांग."

मी डोळे आत खुपसले. दिवा पाचवर चमकला, मग चारवर, मग साडेतीनवर. मी एकेक आकडा सांगत होते, आणि माझ्या पाठीमागे सुकाणू धरून उभ्या असलेल्या माणसाचा श्वास मला ऐकू येत होता. तीन. नंतर चमक एकदम कमी आकड्याकडे सरकली. खडक आमच्या तळाखाली आला होता. आकडा स्पष्ट होता, त्यात शंकेला जागा नव्हती, आणि अर्ध्या तासापूर्वी मी खऱ्या आकड्याची बाजू तावातावाने मांडली होती.

"किती, बाय?" काशिनाथने विचारले.

"एक," मी म्हणाले.

त्याने सुकाणू फिरवले. होडी खडकावरून खोल पाण्याकडे निघाली. मी झाकणातून डोके काढले, पेन्सिल घेतली, आणि जे दिसले होते ते वहीत लिहिले: २ वाव, १ फूट.